शपथ घेतली, आता नोकरी कोणती घेऊ?

एका वाचक मैत्रिणीचं लांबलचक पत्र आलं आहे. तिची ओळख पटेल असं सगळं वगळून थोडक्यात इथे देते.

ती २२ वर्षांची आहे. रासायनिक अभियांत्रिकीची पदवी यंदाच मिळाली. पदवीदानाच्या आदल्या दिवशी वर्गातल्या काही जणांनी मिळून एक शपथ घेतली: जी नोकरी धरू तिचे समाजावर आणि पर्यावरणावर होणारे परिणाम आधी बघू आणि जिथे काम करू तिथे ते सुधारायचा प्रयत्न करू. तो कागद तिने टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला आहे. आता तिच्या हातात दोन ऑफर लेटर आहेत. एक रंग बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचं. पगार उत्तम, शिकायला भरपूर. पण काही वर्षांपूर्वी या कंपनीचं सांडपाणी ओढ्यात गेलं होतं आणि तिला दंड झाला होता. "आता सगळं सुधारलंय," असं मुलाखतीत सांगितलं गेलं. दुसरं पत्र पिण्याच्या पाण्याचे स्रोत तपासणाऱ्या छोट्या संस्थेचं. पगार निम्म्याहून कमी, आणि प्रकल्पाला पैसे दोनच वर्षांचे. डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे, वडील लवकरच निवृत्त होतील, धाकटा भाऊ शिकतो आहे. वडील म्हणतात, "आधी स्वतःच्या पायावर उभी राहा, जगाचं नंतर बघ." सोबत शपथ घेतलेली जिवलग मैत्रीण म्हणते, "त्या कंपनीत जाणार असशील तर तो कागद फाडून टाक." पत्राच्या शेवटी ती विचारते, "ताई, कंपनीत गेले तर शपथ मोडली असं होईल का? आणि गेले तरी माझ्यासारख्या नव्या मुलीचं तिथे ऐकणार कोण?" उत्तर द्यायला तिच्याकडे १२ दिवस आहेत.

तू मला ताई म्हटलंस, म्हणून मीही अगंतुगंच करते.

तुझं पत्र मी आधी घाईत वाचलं आणि मग रात्री सावकाश. सावकाश वाचताना एक गोष्ट खटकली. शपथेचा पूर्ण मजकूर तू उतरवून पाठवला आहेस, पण "शपथ मोडली का" हा तुझा प्रश्न त्या मजकुरातून आलेला नाही. तो तुझ्या मैत्रिणीच्या वाक्यातून आला आहे. म्हणून आधी शपथेकडेच जाऊ.

कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट स्टेट विद्यापीठात १९८७ साली ही शपथ पहिल्यांदा घेतली गेली आणि तिथून ती इतर कॉलेजांत पोचली. ती ऐच्छिक आहे. न घेणाऱ्याची पदवी अडत नाही आणि घेणाऱ्यावर पाळत ठेवायला कुणी बसलेलं नाही. मजकूर जेमतेम एका वाक्याचा: नोकरीचा विचार करताना तिचे सामाजिक आणि पर्यावरणीय परिणाम शोधीन, लक्षात घेईन, आणि ज्या ज्या संस्थेत काम करीन तिथे या बाबी सुधारण्याचा प्रयत्न करीन. कुठल्या धंद्यात पाऊल ठेवायचं नाही याची यादी त्यात नाही. दुसरा भाग तर नीट वाच. सुधारायचं म्हणजे तिथे काहीतरी बिघडलेलं असणार, हे लिहिणाऱ्यांनी धरूनच चाललं होतं.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. कंपनीत गेल्याने शपथ मोडत नाही; काही न विचारता, न बघता गेलीस तर मोडते. आणि हे त्या छोट्या संस्थेलाही तितकंच लागू आहे. कंपनीची तू पत्रात चार पानं उलटतपासणी केली आहेस. संस्थेबद्दल मात्र एकही अवघड प्रश्न नाही, जणू पाण्याचं काम म्हटलं की पुढचं सगळं चांगलंच असणार.

तू रसायनशास्त्र शिकली आहेस, म्हणून तुला बांगलादेशातल्या कूपनलिकांची गोष्ट सांगते. तळ्यांचं आणि नद्यांचं दूषित पाणी पिऊन तिथली लहान मुलं जुलाबाने दगावत होती. म्हणून १९७०च्या दशकापासून सरकारने आणि मदत करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी तिथे मोठ्या प्रमाणावर कूपनलिका बसवल्या. हेतूत काही खोट नव्हती. जंतूंचा धोका खरोखर कमी झाला. पण जमिनीखालच्या त्या पाण्यात नैसर्गिकरीत्या उतरलेलं आर्सेनिक होतं, आणि पाणी तपासण्याच्या तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांत आर्सेनिकची चाचणीच नव्हती. १९९३ मध्ये तिथल्या विहिरींत ते सापडलं, तोवर कोट्यवधी लोक ते पाणी पीत आले होते. हे सगळं चांगल्या माणसांच्या हातून घडलं. म्हणून संस्थेलाही विचार: नमुना दूषित निघाला तर ते त्या घरांना किती दिवसांत कळतं? कळल्यावर दुसरं पाणी कोण देतं? कोणकोणत्या घटकांची चाचणी होते, कोणती होत नाही, आणि ते कोण ठरवतं? पैसे संपल्यावर दोन वर्षांच्या नोंदी कुणाकडे राहतात? पगार वेळेवर होतो का, हेही विचार. त्यात लाजण्यासारखं काही नाही. समाजाचं भलं करणाऱ्या संस्थेने आपल्याच माणसांना तीन-तीन महिने पगाराविना ठेवलं, तर तोही सामाजिक परिणामच झाला.

आता तुझ्या मैत्रिणीविषयी. तिच्यावर रागावू नकोस. ती एकटी नाही. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या ३०,०००हून अधिक विद्यार्थ्यांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. पर्यावरणाची हानी करणाऱ्या कंपनीत दिवसभर काम करायचं आणि सायकलने घरी जायचं याला काय अर्थ, असा त्यांचा सवाल होता, आणि आपण कुणाकडे काम करायचं हे आपल्या हातात आहे असं त्यांनी मालकांना कळवलं होतं. २०२२ मध्ये तिथल्याच अॅग्रोपॅरिसटेक या नामवंत संस्थेच्या पदवीदान समारंभात आठ पदवीधर व्यासपीठावर गेले आणि अशा नोकऱ्या सोडून द्या, असं त्यांनी आपल्याच वर्गमित्रांना सांगितलं. मला हा मार्ग खोटा वाटत नाही. चांगली मुलं नकार देऊ लागली की कंपन्यांना ते जाणवतं. फक्त तो नकार त्यांच्या कानावर गेला पाहिजे. तू कंपनीला नाही म्हणायचं ठरवलंस तर "वैयक्तिक कारणामुळे" असं लिहू नकोस. सांडपाण्याच्या कारणाने येत नाही, असं दोन ओळींत स्वच्छ लिही. गुपचूप दिलेला नकार मनुष्यबळ विभागाच्या फायलीत पडून राहतो.

पण तुझ्या मैत्रिणीच्या डोक्यावर कर्ज आहे की नाही, हे तू लिहिलेलं नाहीस. तुझ्या डोक्यावर आहे. शपथ दोघींनी सारखी घेतली तरी ती पाळायच्या वाटा सारख्या असतील असं नाही, आणि तिच्या मापाने तू स्वतःला मोजावंस असंही नाही.

वडिलांचं म्हणणं मला अर्धं पटतं. "जगाचं नंतर बघ" यातलं "नंतर" मला पटत नाही. आठवड्याला ४० तास, वर्षाला ४८ आठवडे आणि ४० वर्षं नोकरी धरली तर ७६,८०० तास होतात. जागेपणी इतका वेळ आपण दुसऱ्या कुठल्याच एका गोष्टीला देत नाही. शिवाय कामाच्या सवयी पहिल्या दोन वर्षांत लागतात. काय बघायचं, काय बघून न बघितल्यासारखं करायचं, हे माणूस तेव्हाच शिकतो. त्यामुळे पंधरा वर्षांनी साहेब झाल्यावर बघू म्हणणाऱ्याच्या डोळ्यांना तोवर वेगळीच सवय लागलेली असते. स्वतःच्या पायावर उभं राहण्याबद्दल मात्र ते शंभर टक्के बरोबर आहेत, आणि त्याचा शपथेशी थेट संबंध आहे. ज्याच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च शिल्लक आहे, तो चुकीच्या कागदावर सही करायला नाही म्हणू शकतो. ज्याचा पुढचा हप्ता याच पगारावर अवलंबून आहे, त्याचा हात थरथरतो. कर्ज फेडणं हे तुला शपथेच्या विरुद्ध वाटतं आहे. माझ्या मते शपथ पाळायची ताकद त्यातूनच येणार आहे.

आता तुझा दुसरा प्रश्न, "ऐकणार कोण". इथे मला माझी पहिली नोकरी आठवते.

एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी लागले होते. तिथे ईटीपीचं, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्राचं, एक जाड रजिस्टर असायचं. दर चार तासांनी बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नमुना घ्यायचा, पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, मोजायचा, आकडा लिहायचा, सही करायची. दुसऱ्या आठवड्यात मला रात्रपाळी लागली. रजिस्टर उघडलं तर पूर्ण रात्रीचे आकडे आधीच भरलेले. ७.२, ७.४, ७.१. एकाच निळ्या पेनाने, एकाच दाबाने, एका बैठकीत लिहिलेले. शेजारचा सहीचा रकाना तेवढा मोकळा होता, माझ्यासाठी. मी मागची पानं चाळली. पहिल्या आठवड्यातल्या अशाच पानांवर माझ्या सह्या होत्या. मी त्या न बघता केल्या होत्या.

त्या रात्री मी बाटली घेऊन खाली उतरले. मीटरवर आकडा आला ४.६, म्हणजे पाणी चांगलंच आम्ल. मीटरची दांडी धुतली, बफरच्या द्रावणात बुडवून मीटर तपासला, नमुना पुन्हा घेतला. पुन्हा ४.६. मग त्या निळ्या ७.४ वर एक सरळ रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी ४.६ लिहिलं, वेळ टाकली, सही केली.

सकाळी जे ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. पण दुपारी मेन्टेनन्सचे एक वयस्कर फिटरकाका मला बाजूला घेऊन गेले आणि त्यांनी पाण्यातलं आम्ल मारायला चुना सोडणारा डोसिंग पंप दाखवला. चार महिन्यांपासून बंद. त्यांनी दोनदा सांगितलं होतं. नव्या पंपाचा इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, वर जायचा आणि परत यायचा, कारण रजिस्टरप्रमाणे पाणी उत्तम होतं, मग पंपावर खर्च कशाला? आकडे आधी भरून ठेवणाऱ्यांपैकी कुणाच्याही मनात नदीचं वाईट करायचं नव्हतं. रात्री तीन वाजता लोखंडी जिना उतरायचा कंटाळा, इतकंच. पण त्या कंटाळ्याने दुरुस्ती चार महिने अडवून धरली होती. मी ४.६ लिहिल्यावर तीन आठवड्यांनी पंप आला. मला त्या वर्षी पगारवाढ मिळाली नाही, हेही सांगते, कारण तुला खरं कळायला हवं. आणि पहिल्या आठवड्यातल्या माझ्या सह्या त्या रजिस्टरात तशाच राहिल्या.

माझं बोलणं तिथे कुणी ऐकलं नव्हतं. ते बरोबरच होतं, मी कालची आलेली पोर. पण आकडा खोडता येईना. नव्या माणसाला अधिकार नसतो, तरी मोजमाप, नोंदी, पहिला मसुदा, पहिली चाचणी हे सगळं बहुतेक वेळा त्याच्याच हातून होतं. वरच्या मजल्यावरचे निर्णय ज्या आकड्यांवर होतात ते आकडे खालच्या मजल्यावर तुझ्यासारख्यांच्या पेनातून उतरतात. तेव्हा "माझं कोण ऐकणार" याची काळजी पहिल्या वर्षी करू नकोस. आपण लिहिलेलं खरं आहे ना, एवढं बघ.

हे चित्र मी जास्त गोड करणार नाही. रॉजर बॉइजोली नावाचे अभियंते अमेरिकेच्या अंतराळयानाचे बूस्टर बनवणाऱ्या कंपनीत होते. जोडांमधल्या रबरी कड्या थंडीत दगा देतील, असा इशारा त्यांनी जुलै १९८५ मध्ये लेखी दिला. उड्डाणाच्या आदल्या रात्री, २७ जानेवारी १९८६ला, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरध्वनीवरच्या बैठकीत जीव तोडून विरोध केला. कंपनीच्या अभियांत्रिकी प्रमुखाला वरिष्ठांनी सांगितलं की आता अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची घाल. निर्णय फिरला. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर कोसळलं आणि सात अंतराळवीर गेले. बॉइजोलींनी चौकशी आयोगापुढे सगळं सांगितलं, कागदपत्रं दिली. त्यानंतर कंपनीत त्यांना एकटं पाडलं गेलं आणि त्यांना नोकरी सोडावी लागली. त्यांच्या लेखी इशाऱ्यामुळे काय घडलं ते जगाला कळलं, पण सात माणसं वाचली नाहीत.

म्हणून "आत राहून बदल घडवीन" हे वाक्य मी जपून वापरते. माणसांनी कार्यालय बदललेलं मी पाहिलं आहे. कार्यालयाने माणूस बदललेला त्याहून जास्त वेळा पाहिला आहे, आणि तो इतका हळूहळू बदलतो की त्याला स्वतःला कळतही नाही. तू आत जाणार असशील तर काही गोष्टी जाण्याआधीच कर.

कुठल्या गोष्टीला तू नाही म्हणशील, ते आत्ता लिही. मोघम नको. "चुकीचं काही करणार नाही" हे काहीच सांगत नाही. "न घेतलेल्या नमुन्याचा आकडा लिहिणार नाही", "कामगाराच्या जिवाला धोका आहे हे कळल्यावर त्याच्यापासून लपवणार नाही", अशी वाक्यं हवीत, दोन किंवा तीन. खाली तारीख घाल आणि एक प्रत त्या मैत्रिणीलाच दे. तिच्याइतकं कडक राखणदार तुला दुसरं मिळणार नाही. दर सहा महिन्यांनी तिच्यासमोर तो कागद उघड. आपण रेघ पुढे सरकवली का, हे आपल्यापेक्षा दुसऱ्याला लवकर दिसतं.

कामाची एक साधी वही ठेव: आज काय पाहिलं, कुणाला सांगितलं, काय उत्तर आलं. कंपनीची कागदपत्रं घरी आणू नकोस, त्यात तूच अडचणीत येशील. स्वतःच्या नोंदी पुरेशा आहेत. तोंडी सांगितलेलं असेल तर संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाक, "दुपारी बोलल्याप्रमाणे" असं म्हणून. भांडणाचा सूर नको. आणि एक जोडीदार शोध. बहुतेक तो फिटरकाकांसारखा कुणीतरी असेल, ज्याला सगळं आधीपासून माहीत असतं पण विचारायला कुणी गेलेलं नसतं.

आता कंपनीला काय विचारायचं. "तुम्ही पर्यावरणासाठी काय करता?" असं विचारलंस तर झाडं लावल्याचे फोटो दाखवतील. त्याऐवजी विचार: पर्यावरण आणि सुरक्षा विभागाचा प्रमुख कुणाला जबाबदार आहे, उत्पादन प्रमुखाला की थेट सर्वांत वरच्या अधिकाऱ्याला? उत्पादन प्रमुखाच्या हाताखाली असेल तर टन आणि सुरक्षा यांच्या भांडणात कोण जिंकतं ते तुला कळलंच. गेल्या वर्षभरात सुरक्षेच्या किंवा सांडपाण्याच्या कारणाने उत्पादन कधी थांबवलं होतं का, आणि ते थांबवायचा हक्क कुणाला आहे? ज्या गळतीबद्दल दंड झाला, तिच्यानंतर नेमकं काय बदललं? या शेवटच्या प्रश्नाला यंत्राचं नाव, टाकीची क्षमता, जबाबदार माणसाचं पद असं उत्तर आलं तर चांगली खूण. नुसतं "आता आम्ही खूप गंभीर आहोत" असं आलं तर सावध हो.

त्यांचा शाश्वतता अहवाल मिळव आणि चित्रं सोडून तक्ते वाच. प्रदूषण "दर टनामागे" कमी झालं असं लिहिलं असेल तर एकूण किती झालं ते शोध. उत्पादन दुप्पट झालं असेल तर दर टनामागे कमी होऊनही एकूण वाढलेलं असू शकतं. तुलना कुठल्या वर्षाशी केली आहे ते बघ. कार्बन उत्सर्जनात फक्त कारखान्याचं आणि विकत घेतलेल्या विजेचं मोजलं आहे, की कच्च्या मालापासून रंग वापरून होईपर्यंतचंही? त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या दोन माणसांशी बोल. आणि जमलं तर कारखान्याच्या खालच्या अंगाला, जिथे तो ओढा जातो, तिथे एकदा चालत जा. तिथे राहणाऱ्यांना पाण्याबद्दल जितकं ठाऊक असतं तितकं कुठल्याच अहवालात नसतं.

रंगाची कंपनी आहे म्हणून एक खास प्रश्न: शिसं. रंगात घातलेलं शिसं लहान मुलांच्या मेंदूला इजा करतं, आणि त्याची कुठलीही पातळी सुरक्षित मानली जात नाही. शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, वर नको, अशी संयुक्त राष्ट्रांच्या आदर्श कायद्याची शिफारस आहे. तरी अनेक देशांत यावर अजून बंधनकारक मर्यादाच नाही. तेव्हा विचार, जिथे कायदा नाही तिथेही तुम्ही हीच मर्यादा पाळता का? कायदा आहे तिथे कायदा पाळणं हे किमान झालं. कंपनीचा स्वभाव कळतो तो कायदा नाही तिथे.

शिशावरून थॉमस मिजली आठवतो, आणि तुझ्या शपथेच्या दृष्टीने त्याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा अमेरिकन अभियंता. इंजिनाची खटखट थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालायची युक्ती त्याला १९२१ मध्ये सापडली. शिसं विषारी आहे हे तेव्हाही सर्वांना माहीत होतं. त्याला स्वतःलाही शिशाची बाधा होऊन रजेवर जावं लागलं होतं. १९२४ मध्ये ते संयुग बनवणाऱ्या एका कारखान्यात पाच कामगार दगावले. तेव्हा त्याने पत्रकारांसमोर ते द्रव हातावर ओतून घेतलं, त्याची वाफ हुंगून दाखवली आणि काही धोका नाही असं सांगितलं. मोटारींच्या पेट्रोलमधून शिसं जगभरातून जायला २०२१ उजाडलं. याच माणसाने १९३०च्या सुमारास फ्रिजसाठी सीएफसी वायू आणला. त्याआधी फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असत आणि गळती झाली की माणसं मरत. सीएफसी जळत नव्हता, विषारी नव्हता. तो वर जाऊन ओझोनचा थर खातो, हे १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, आणि त्याला आवर घालणारा मॉन्ट्रियल करार १९८७चा, तुझ्या शपथेच्याच वर्षीचा.

दोन्ही शोधांनी जगाचं प्रचंड नुकसान केलं. पण सीएफसीबद्दल मी त्याला दोष देणार नाही. जे तेव्हा कुणालाच कळणं शक्य नव्हतं, त्याची जबाबदारी एका माणसावर कशी टाकणार? शिशाबद्दल देईन. तिथे कळलेलं होतं आणि ते झाकलं गेलं. तुझ्या पत्रातली एक भीती अशी आहे की नकळत तुझ्या हातून काहीतरी वाईट घडेल. घडू शकतं. ती भीती कुठल्याच नोकरीने जाणार नाही. शपथ तुझ्याकडून सर्वज्ञपणा मागत नाही. कळलेलं झाकू नकोस आणि कळण्यासारखं असेल ते शोधायचा आळस करू नकोस, इतकंच मागते, आणि तेवढंही पुष्कळ अवघड आहे.

हे वाचणाऱ्या इतर मुलामुलींना वाटेल, हा कारखान्यातल्या लोकांचा प्रश्न आहे. तसं नाही. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा उघड झाला. गाडीची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी करणारं सॉफ्टवेअर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांमध्ये होतं. ते कुणीतरी संगणकावर बसून लिहिलं होतं. आणि गाड्या रस्त्यावर चालवून धूर मोजल्यावर आकडे जुळत नाहीत, हे दाखवणाऱ्या वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या छोट्या गटात पदव्युत्तर विद्यार्थीही होते. वाणिज्य शाखेची पदवी असेल तर पुरवठादाराला किती दिवसांची मुदत द्यायची, लहान पुरवठादाराचं बिल किती महिने अडवायचं, हे तुमच्या टेबलावर ठरेल. ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत २०१३ मध्ये कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद ठेवली गेली, आणि वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. ११००हून अधिक माणसं गेली. दूर देशात बसून ऑर्डरच्या तारखा आणि भाव ठरवणारे बहुतेक जण पदवीधरच होते. शपथेत "पर्यावरणीय"च्या आधी "सामाजिक" हा शब्द आहे, तो आपण फार लवकर विसरतो.

आता माझं मत, तू मागितलंस म्हणून. तुझं कर्ज, तुझं शिक्षण आणि तिथलं काम बघता मी कंपनीच्या बाजूला झुकते, पण एका अटीवर. गळतीनंतर काय बदललं आणि ते केंद्र आत्ता कोण चालवतं, या दोन प्रश्नांची नेमकी उत्तरं मिळाली पाहिजेत, आणि रुजू होण्याआधी तुला ते सांडपाणी केंद्र डोळ्यांनी बघायला मिळालं पाहिजे. मोठ्या कारखान्यात मोजायला, चालवायला, दुरुस्त करायला शिकलेली मुलगी चार वर्षांनी पाण्याच्या संस्थेला आजच्यापेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडेल. बघायला नकार मिळाला, किंवा उत्तरं गोलगोल आली, तर संस्थेत जा. कर्ज देणाऱ्या बँकेत जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून मिळते का ते आधी विचार. व्याज जास्त जाईल, ते मान्य करूनच जा. "दगडापेक्षा वीट मऊ" म्हणून कंपनी घेऊ नकोस. तशी घेतलीस तर पहिल्या महिन्यापासून मनात कुढत राहशील, आणि कुढणारा माणूस आजूबाजूला नीट बघत नाही.

१२ दिवसांतले काही हे छापून येईपर्यंत जातील, म्हणून हे उत्तर तुला आधीच ईमेलने पाठवते आहे. उद्या सकाळीच कंपनीला लिही: "रुजू होण्यापूर्वी सांडपाणी प्रक्रिया केंद्र बघण्याची इच्छा आहे, कृपया वेळ द्यावी." गेलीस तर केंद्राचं रजिस्टर मागून घे. मागच्या महिन्याची रात्रपाळीची पानं उघड आणि अक्षर बघ. पेन बघ. मग मला लिही.